खो मिळाला, पान उलटा!



तुमच्या घरात किंवा शेजारी दुसरी-तिसरीतलं कुणी आहे का? असेलच. मग त्याला एकदा पुस्तक वाचताना नीट बघा. बोट ओळीवर ठेवलेलं, ओठ पुटपुटतायत, मध्येच एखादं जोडाक्षर आडवं येतं आणि गाडी थांबते. कसाबसा तो ओळीच्या शेवटाला पोचतो, तोवर ओळीच्या सुरुवातीला काय होतं ते विसरून गेलेला असतो. "काय वाचलंस रे?" असं विचारलं की गप्प!

आता त्याच मुलाला संध्याकाळी मैदानावर बघा. खो-खो चालला असेल तर कोण कुठल्या बाजूला तोंड करून बसलंय, पळणारा कुठल्या खांबाकडे वळणार, खो आत्ता द्यायचा की आणखी एक गडी सोडून द्यायचा, हे सगळं त्याच्या डोक्यात क्षणात तयार. तिथे तो मुळीच अडखळत नाही.

म्हणजे डोकं तर तेच आहे ना? मग पुस्तकापुढे बसल्यावर त्याचं काय होतं?

मी प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीच्या वर्गात दरवर्षी असे दोन-तीन जण असतातच. बाकीची मुलं त्यांना 'ढ' म्हणतात. (हा शब्द मला अजिबात आवडत नाही. आपल्या पानावर तो एवढ्यापुरताच.) अशा मुलांची अडचण नुसती अक्षरांची नसते बरं का. चौथीतल्या मुलाला पहिलीचं पुस्तक दिलं तर त्याला ते वाचता येतं, पण तो ते हातातच धरत नाही. त्यातला ससा, त्यातला फुगा, त्यातलं गाजर त्याला नको असतं. शेजारच्या बाकावरचा बघेल ना!

गेल्या वर्षी माझ्या वर्गात असाच एक मुलगा होता. पळायला एकदम चपळ. पुस्तकांची पेटी उघडली की तो त्यातलं सगळ्यात जाड पुस्तक उचलायचा आणि कोपऱ्यात जाऊन बसायचा. अर्धा तास ठरावीक वेळाने एकेक पान उलटायचा. वाचत काहीच नव्हता. वाचतोय असं दिसावं, एवढ्यासाठी सगळं. विचार करा, नऊ वर्षांचं पोर रोज अर्धा तास वाचण्याचं नाटक करतं! खरं वाचण्यापेक्षा ते जास्त दमवणारं काम आहे.

अशा मुलाला कसलं पुस्तक द्यावं? दिसायला मोठ्या मुलांचं, आतून वाचायला सोपं, आणि ज्या गोष्टीत तो आधीच पक्का आहे त्या गोष्टीबद्दलचं. खेळाच्या छोट्या छोट्या कादंबऱ्या नेमक्या अशा असतात. चित्रांची पुस्तकं मागे पडली, पण तुमचा लाडका फास्टर फेणे अजून झेपत नाही, अशा मधल्या मुलांसाठी त्या लिहिलेल्या असतात. साठ-सत्तर पानं, ठसठशीत टाइप, चार-पाच पानांचं एकेक प्रकरण आणि अधूनमधून एखादं चित्र. प्रकरणं असतात हे फार महत्त्वाचं! "मी आता चौथ्या प्रकरणावर आलोय," असं मित्राला सांगता येणं म्हणजे काय चीज असते, ते तुम्हाला आठवत असेल. आमच्या वर्गातल्या पेटीत मराठीतली अशी पुस्तकं शोधायला गेले तर एका हाताची बोटंसुद्धा पुरी झाली नाहीत. अमेरिकेत मात्र सत्तर वर्षांपासून ती ढिगाने निघतायत, म्हणून आज तिकडे जरा चक्कर मारून येऊ.

आधी एक प्रयोग सांगते. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोघी संशोधकांनी १९८८ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी सातवी-आठवीतली ६४ मुलं घेतली आणि त्यांचे चार गट केले. पहिल्या गटाचं वाचनही चांगलं आणि बेसबॉलही पक्का. दुसऱ्याचं वाचन चांगलं, पण बेसबॉलचा फारसा गंध नाही. तिसऱ्याचं वाचन कच्चं, पण बेसबॉल पक्का. आणि चौथ्याचं दोन्ही कच्चं. बेसबॉल म्हणजे तिकडचा लाडका खेळ, आपल्याकडे क्रिकेट आहे तसा. सगळ्यांना एका सामन्यातल्या अर्ध्या डावाचं वर्णन वाचायला दिलं. समोर बेसबॉलच्या मैदानाची लहानशी प्रतिकृती होती आणि लाकडाचे छोटे खेळाडू. जे वाचलं ते खेळाडू हलवून दाखवायचं आणि आपल्या शब्दांत सांगायचं.

काय झालं असेल? थांबा, पुढे वाचू नका, आधी अंदाज करा.

वाचन कच्चं पण खेळ पक्का असलेली मुलं, वाचन चांगलं पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली! चांगली पुढे गेली. 'वाचनात मागे' म्हणून ज्यांच्या नावापुढे खूण केली होती, त्यांना मजकूर जास्त समजला आणि जास्त लक्षात राहिला.

यात जादू नाही. हे वाक्य बघा: 'डाव्या कोपऱ्याने घोटा धरला आणि मधली रेषा वीतभर लांब असतानाच चढाई करणारा आडवा झाला.' तुम्ही कबड्डी खेळत असाल तर तुम्हाला इथे चित्र दिसलं. धूळ उडाली, बाकीचे सहा जण अंगावर पडले, गडी बाद झाला, पकड करणाऱ्या संघाला गुण मिळाला. यातलं बरंचसं वाक्यात लिहिलेलंच नाही, ते तुम्ही भरलंत. आणि ज्याने कबड्डी कधी पाहिलीच नाही, तो यातला शब्द न् शब्द बिनचूक वाचेल आणि वर विचारेल, "डावा कोपरा? कुणाच्या हाताचा?"

खेळ येतो म्हणून अक्षरं आपोआप येतात, असं मात्र नाही हं. तसं असतं तर आमच्या शाळेतले सगळे क्रिकेटवाले पुस्तकातले किडे झाले असते. अक्षरं शिकावीच लागतात. पण ओळखीच्या मैदानावर पुढचा शब्द कुठला येणार याचा अंदाज असतो. अंदाज करायचा, मग अक्षरांकडे बघून खात्री करायची, आणि पुढे सरकायचं. असं पन्नास वेळा झालं की भीती चेपते.

आता या पुस्तकांच्या लेखकाकडे वळू. मॅट ख्रिस्तोफर हे त्यांचं नाव. जन्म १९१७ सालचा, नऊ भावंडांत हे थोरले. स्वतः बेसबॉल चांगला खेळायचे, काही काळ धंदेवाईक खेळाडूंच्या खालच्या साखळीतही खेळले. पुढे नोकरी धरली आणि लिहिणं फावल्या वेळात चालू ठेवलं. आधी रहस्यकथा लिहायचे. सिरॅक्यूज नावाच्या शहरात राहत असताना त्यांच्या मनात मुलांसाठी बेसबॉलची गोष्ट लिहावी असं आलं. मग त्यांनी काय केलं? सरळ वाचनालयात जाऊन ग्रंथपालांशी बोलले. अशा गोष्टींची फार गरज आहे, असं उत्तर मिळालं. १९५४ साली त्यांचं 'द लकी बेसबॉल बॅट' हे पुस्तक आलं. एका मुलाला एक बॅट मिळते, तिने तो झकास खेळू लागतो आणि मग ती बॅटच हातातून जाते. आता त्याला वाटतं, संपलं, आपला खेळ गेला! खेळ बॅटमध्ये होता की हातात, हा प्रश्न मॅच चालू असतानाच सुटतो.

१९९७ साली ते वारले, तोवर त्यांची शंभराहून जास्त पुस्तकं झाली होती. बेसबॉल तर होताच, पण फुटबॉल, बास्केटबॉल, आइस हॉकी असे कितीतरी खेळ त्यांत आहेत. त्यांच्यामागेही त्यांच्या नावाने पुस्तकं येत राहिली, ती दुसऱ्या लेखकांनी लिहिली.

मला त्यांचं १९७२ सालचं 'द किड हू ओन्ली हिट होमर्स' जास्त गमतीचं वाटतं. सिल्व्हेस्टर नावाचा एक मुलगा, खेळायची हौस दांडगी, पण खेळ जेमतेम. त्याला एक अनोळखी माणूस भेटतो, जॉर्ज बरूथ नावाचा. तेव्हापासून सिल्व्हेस्टरचा प्रत्येक फटका मैदानाबाहेर! आता जरा गंमत. बेसबॉलमधला महान फटकेबाज 'बेब' रूथ १९४८ साली वारला होता. त्याचं खरं नाव जॉर्ज. त्या अनोळखी माणसाचं नाव आता परत एकदा वाचा. आलं लक्षात? पुस्तकात हे कुणी तुम्हाला ओरडून सांगत नाही. वाचणाऱ्याला आपणहून सापडतं, आणि ज्याला सापडतं तो लगेच शेजारच्याला ढोसतो.

तरी या पुस्तकांबद्दल माझी एक तक्रार आहे. खेळाच्या कितीतरी गोष्टींत शेवटी नायकाचाच संघ जिंकतो. तीस पुस्तकं वाचली की पहिल्या पानावरच निकाल कळतो. शेवटच्या चेंडूवर षटकार खरोखरही बसतो म्हणा. १९८६ साली शारजात जावेद मियांदादने तो आपल्याच संघाविरुद्ध मारला होता. आजोबांना विचारा, अजून त्यांचा चेहरा पडेल! पण रोज रोज तो बसत नाही. हरल्यावर घरी जाताना बसमध्ये कुणीच बोलत नाही, ते प्रकरण मला वाचायला आवडेल.

याहून लहान मुलांसाठी पेगी पॅरिश यांचं 'प्ले बॉल, अमेलिया बेडेलिया' आहे. तेही १९७२ सालचंच. ही अमेलिया बेडेलिया सांगितलेल्या शब्दाचा अगदी शब्दशः अर्थ घेते. बेसबॉलमध्ये 'बेस चोरणे' म्हणजे सगळ्यांना चकवून झटकन पुढच्या बेसवर पळणे. अमेलियाबाईंना सांगितलं, चोर. त्यांनी तो बेसच उचलला! 'होम'कडे धाव असं सांगितलं, तर त्या मैदान सोडून थेट घराकडे धावत सुटल्या.

हसलात ना? पण आपली खेळाची मराठी काय कमी आहे! आपल्याकडे 'चोरटी धाव' असते. झेल सुटला की फलंदाजाला 'जीवदान' मिळतं. कबड्डीत बाद झालेला गडी 'मेला' म्हणून बाहेर बसतो आणि थोड्या वेळाने 'जिवंत' होऊन परत आत येतो. अनिल कुंबळेने १९९९ साली दिल्लीत पाकिस्तानच्या एका डावात दहाच्या दहा 'बळी' घेतले, असं घरातल्या छोट्या बहिणीला वाचून दाखवा. ती पोलिसांना बोलवायला सांगेल. एक मराठी अमेलिया लिहायला किती माल पडलाय बघा, नुसता गोळा करायचा आहे.

आणि हे शब्द गोळा करताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. खो, खांब, डाव, गडी, बाद, चढाई, पकड, लोण, दम, धाव, झेल, चेंडू, विटी, दांडू, लगोरी. नीट बघा. एकही जोडाक्षर नाही! आपल्या मातीतल्या खेळांचे शब्द वाचायला किती सोपे आहेत. आता वर्तमानपत्राचं क्रीडापान उघडा. क्षेत्ररक्षण, यष्टिरक्षक, प्रतिस्पर्धी, उपांत्य, वर्चस्व! मोठ्यांची बोबडी वळेल. ('कबड्डी'त जोडाक्षर आहे हे मला माहीत आहे. पण त्या शब्दावर अडखळलेलं मूल मी आजवर पाहिलेलं नाही.)

तर आता आजचं खरं काम. असं पुस्तक तुम्हीच लिहायचंय.

आमच्या शाळेत सातवीतल्या दोन मुलींनी लिहिलं. दोघी खो-खोच्या संघातल्या. वहीचे कागद मधोमध दुमडून शिवले, चोवीस पानं केली, सहा प्रकरणं पाडली, जाड पुठ्ठ्याचं कव्हर घातलं. गोष्ट साधीच होती. शाळेच्या संघात एका मुलीची निवड होते, पण आई पाठवायला तयार नसते, कारण त्याच वेळी पाणी येतं आणि घरी भरायला कुणी नसतं. मैदानावर काय होईल आणि नळावर काय होईल, अशा दोन्हीकडे जीव टांगलेला.

ते पुस्तक मी त्या पळणाऱ्या मुलापुढे ठेवलं. पुठ्ठ्यामुळे ते चांगलं जाडजूड दिसत होतं. त्याने उचललं. दहा-बारा मिनिटांनी तो माझ्या टेबलापाशी आला. बोट चौथ्या पानावर. म्हणाला, "बाई, हा फाउल आहे."

मी बघितलं. मुलींनी लिहिलं होतं की, पाठलाग करणारी झटकन मागे वळली आणि तिने पळणारीला शिवलं. खो-खोत एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत गेल्याशिवाय मागे वळता येत नाही. बरोबर होतं त्याचं! दोघी संघात खेळतात, पण लिहिण्याच्या भरात नियम विसरल्या होत्या. त्या मुलाला सातवीच्या वर्गात पाठवलं. त्याने तिथे जाऊन चूक दाखवली, मुलींनी ओळ खोडली आणि नवी लिहिली. परत येऊन तो कोपऱ्यात बसला. आता पानं ठरावीक वेळाने उलटत नव्हती. एका पानावर बराच वेळ लागला, पुढची दोन भराभर गेली, मग एकदा तो मागेही गेला. तो आता पाचवीत आहे. मोठ्याने वाचताना अजून अडखळतो. पण पेटीतलं पुस्तक निवडताना तो आधी आत उघडून बघतो.

तुम्ही लिहाल तेव्हा ज्याच्यासाठी लिहिताय त्याचा खेळ निवडा, तुमचा नव्हे. तुम्हाला बॅडमिंटन आवडत असेल आणि तो दिवसभर लगोरी खेळत असेल, तर लगोरीच. लिहिण्याआधी त्याच्याबरोबर दोन दिवस खेळा, म्हणजे त्यांच्या गल्लीतले नियम कळतील. (गल्लीगल्लीत ते वेगळे असतात आणि त्यावरून भांडणं होतात. एक प्रकरण तर तिथेच मिळालं!) वाक्यं आखूड ठेवा. अवघड शब्द एका प्रकरणात एकच, पण तो चार-पाच वेळा येऊ द्या. 'पंच' म्हणा, 'निर्णायक' वगैरे म्हणू नका. पहिल्या पानावर मैदानाचं चित्र काढा आणि कोण कुठे उभं आहे त्याची नावं लिहा. वाचताना मुलं तिथे परत परत येऊन बघतात.

प्रकरण कुठे थांबवायचं हे खेळच सांगतो. चेंडू हवेत आहे, खाली दोघं जण हात पसरून उभे आहेत. थांबा तिथेच! चढाई करणाऱ्याचा दम संपत आलाय. थांबा! पुढचं पान तो आपणहून उलटेल. आणि मैदानाबाहेर काहीतरी अडचण असू द्या, त्या मुलींच्या गोष्टीतल्या पाण्यासारखी. बूट फाटलेत, भाऊ बोलत नाही, बारा जणांत आपलं नाव तेरावं आहे. नुसता गुणफलक किती वेळ वाचणार?

विषय कुठून आणू, असं म्हणू नका. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला. मुलं आणि मुली, दोन्हींत भारत जिंकला. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. त्यांच्यावरही लिहिता येईल. पण मी तुम्हाला सांगेन, आधी आपल्या मैदानावरचं लिहा. तिथला खड्डा कुठे आहे, चेंडू कुणाच्या अंगणात गेला की परत मिळत नाही, हे तुम्हाला आणि तुमच्या छोट्या वाचकाला दोघांनाही माहीत आहे. ते वाचताना त्याला फुकटची मदत मिळते.

पुस्तक दिलंत की त्याच्या डोक्यावर उभे राहू नका. "इथे काय लिहिलंय, सांग बघू" वगैरे मुळीच नको. ती परीक्षा झाली. तुम्ही आपले बाजूला बसून आपलं काहीतरी वाचा. त्याने विचारलं तर शब्द सांगा आणि गप्प बसा.

शिवायला जाड दोरा घ्या, साधा चार दिवसांत तुटतो. आणि शेवटचं पान कोरं ठेवा. वर नुसतं लिहा: 'या पुस्तकातले फाउल'. खाली पेन्सिल बांधून ठेवा.

तुमच्या बाई